गाडीतली रात्र : ऊब हवी, निखारा नको



डिसेंबर लागला की मुलांच्या सुट्ट्या जवळ येतात आणि घराघरांत सफरीचे बेत ठरू लागतात. कुणाला अजमेरला जायचे असते, कुणाला दिल्ली-आग्रा पाहायचे असते, कुणाची लेक भोपाळकडे दिलेली असते. अलीकडे या बेतांत एक नवी गोष्ट आली आहे. घरच्या व्हॅनमध्ये मागे फळी टाकून, गादी घालून रात्र गाडीतच काढायची. लॉजचा खर्च वाचतो, घरचे हलाल जेवण सोबत राहते, बायकामुलांना परक्या जागेत संकोच होत नाही आणि नमाजच्या वेळी हवे तिथे थांबता येते. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून अशा गाड्यांची चर्चाही वाढली आहे.

उन्हाळ्यात हे सोपे आहे. हिवाळ्यात मात्र दोन प्रश्न उभे राहतात. रात्रभर ऊब कशी राहील? आणि दिवा, मोबाईल, घरातल्या आजारी माणसाचे यंत्र रात्रभर कशावर चालेल? या दोन प्रश्नांवर अनेक घरांतून विचारणा झाली, म्हणून या महिन्याचे सदर त्यासाठीच ठेवले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. थंडीने रात्र वाईट जाते, पण नीट तयारी असेल तर थंडी माणसाला सहसा मारत नाही. मारते ती थंडी घालवण्यासाठी बंद जागेत पेटवलेली आग. म्हणून आधी आगीचे बोलू, मग अंथरुणाचे, मग विजेचे.

बंद गाडीत आग नाही

शेगडी, कांगडी, कोळशाचा डबा, गॅसचा हीटर, रॉकेलचा स्टोव्ह यांपैकी काहीही बंद गाडीत पेटवले की दोन गोष्टी होतात. आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. जागा असलेला माणूस डोके दुखले म्हणून बाहेर पडेल. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

२१ जानेवारी २०२० रोजी नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळहून गेलेल्या आठ जणांचा असाच अंत झाला. त्यांत चार लहान मुले होती. रात्री खोलीत गॅसचा हीटर चालू होता, दारे-खिडक्या बंद होत्या. ती तर चांगली मोठी खोली होती. आपली व्हॅन त्या खोलीच्या पाव हिश्शाचीही नसते.

दुसरी घटना पाकिस्तानातल्या मरीची. ७ आणि ८ जानेवारी २०२२ च्या दरम्यान तिथे अफाट बर्फ पडला आणि सहलीला आलेली हजारो वाहने रस्त्यातच अडकली. वीसहून अधिक माणसे आपापल्या गाड्यांमध्ये मरण पावली. त्यांत मुलाबाळांसह पूर्ण कुटुंबेही होती. लोकांनी काचा बंद करून हीटरसाठी इंजिन चालू ठेवले होते. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले की धूर बाहेर जाण्याऐवजी गाडीत शिरतो. काही जण थंडीने गेले, पण काहींना या वायूने नेले असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले.

महाराष्ट्रात किंवा राजस्थानात बर्फ पडत नाही म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही. भिंतीला लावलेली गाडी, गवताच्या गंजीत किंवा मातीच्या उंचवट्यात रुतलेला सायलेन्सर, गंजून भोक पडलेली नळी, शेजारी रात्रभर चालू असलेला ट्रक, यांतले कोणतेही एक कारण पुरेसे आहे. म्हणून इंजिन चालू ठेवून झोपायचे नाही, हा नियम पहिला. गाडीत काहीही जळते ठेवून झोपायचे नाही, हा दुसरा.

आपल्या दीनने हे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. मदीनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले तेव्हा आग ही तुमची दुश्मन आहे, झोपताना ती विझवत जा, अशा अर्थाची ताकीद त्यांनी दिली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्या काळी दिवा आणि चूल होती, आज हीटर आणि इंजिन आहे. कारण तेच आहे, म्हणून हुकूमही तोच समजावा. थोडी थंडी सोसून सुन्नत पाळली तर जीवही वाचतो आणि सवाबही मिळतो.

कार्बन मोनॉक्साईड ओळखणारा अलार्म बाजारात मिळतो. बॅटरीवर चालणारा घ्यावा. त्यावर ईएन ५०२९१ हे मानक छापलेले असावे. त्याच मानकाचा दुसरा भाग खास कॅराव्हॅन आणि होड्यांसाठी आहे, तो मिळाला तर उत्तम. झोपताना डोके जिथे येते त्याच्या आसपास तो बसवावा आणि सफरीला निघण्यापूर्वी बटण दाबून तपासावा. धुराचा अलार्म वेगळा आणि हा वेगळा. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

लक्षणे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावीत. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, गुंगी, छातीत धडधड. ताप नाही, पण एकाच वेळी दोघा-तिघांना असेच होते आहे, हे लक्षात आले की प्रवासाचा शीण किंवा जेवणातला दोष शोधत बसू नये. दारे उघडावीत, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे, मग ११२ किंवा १०८ ला फोन करावा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. या वायूने भरलेल्या रक्तालाही तो ऑक्सिजनचे रक्त समजतो आणि ९८ दाखवतो. आकडा चांगला आहे म्हणून कुणाला परत आत झोपवू नये.

माणूस हाच हीटर

झोपलेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून सुमारे ७० ते ८० वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे चार माणसे गाडीत झोपली तर तीनशे वॉटचा हीटर फुकट चालू असतो. आपले काम एवढेच की ही उष्णता पत्र्यातून आणि काचांतून निसटू द्यायची नाही.

सर्वांत जास्त थंडी खालून येते. गादी कितीही मऊ असली तरी अंगाच्या भाराने ती दबते आणि खालचा गारवा पाठीला लागतो. म्हणून फळीवर आधी चटई, तिच्यावर व्यायामासाठी वापरतात तसली फोमची मॅट, मग गादी आणि मग गोधडी. अंगावर दोन रजया घेण्यापेक्षा एक खाली आणि एक वर असा हिशेब ठेवावा. दादी-नानीच्या हातची जुन्या लुगड्यांची गोधडी यासाठी अजूनही सर्वांत चांगली. घोंगडी असेल तर ती सर्वांत वर घ्यावी.

दुसरी वाट काचांची. गाडीच्या काचांच्या मापाचे तुकडे कापून घ्यावेत. चंदेरी फोमची शीट बाजारात मीटरवर मिळते. ती नसेल तर पुठ्ठ्यावर जुनी चादर शिवून घेतली तरी चालते. हे तुकडे आतून काचेला दाबून बसवले की गारवाही अडतो आणि पडदाही होतो. आपल्या घरातल्या बायकांना रात्री निर्धास्त झोपता यावे यासाठी पडदा लागतोच. तोच जरा जाड केला की दोन्ही कामे होतात. चालकाची जागा आणि झोपायची जागा यांच्यामध्ये एक जाड पडदा लावला तर उबेची जागा लहान होते आणि लवकर उबदार होते.

आता उलटे वाटेल अशी गोष्ट. एवढे सगळे बंद करून झाल्यावर दोन काचा बोटभर उघड्या ठेवायच्या, एक पुढची आणि एक समोरासमोरची मागची. एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते. चार माणसांचे लिटरभर झाले. हवा खेळती नसेल तर हे पाणी थंड पत्र्यावर साचते, छतावरून टपकते, रजई दमट होते आणि दमट रजई ऊब देत नाही. गाडीत गॅस पेटवून पाणी उकळण्याची सवय तर त्याहून वाईट. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. स्वयंपाक बाहेर, गाडीपासून चार पावले दूर, वाऱ्याला आडोसा करून करावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो फळीखाली, म्हणजे नेमका झोपणाऱ्याच्या खाली साचतो. म्हणून झोपताना रेग्युलेटर बंद करून सिलिंडर शक्यतो वेगळ्या, बाहेर हवा लागणाऱ्या कप्प्यात ठेवावा.

अंगावर दिवसभरचे घामट कपडे ठेवून झोपू नये. बनियनपासून मोज्यांपर्यंत कोरडे कपडे घालावेत. कानटोपी घालावी. झोपण्यापूर्वी पोटात गरम काहीतरी जावे. थर्मासमध्ये घरून नेलेला पायाचा शोरबा असो, डाळ-खिचडी असो की दूध-खजूर असो. पोटात अन्न असले की शरीराची भट्टी चालू राहते. लघवीला जाऊन यायचा कंटाळा करू नये. अडवून धरले की झोप लागत नाही.

गरम पाण्याची रबरी पिशवी ही बिनविजेची ऊब आहे. झोपण्याआधी अर्धा तास ती रजईत ठेवावी. मात्र टॉवेलमध्ये गुंडाळून. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांच्या पायांना बऱ्याचदा चटका कळत नाही आणि सकाळी पाहावे तर फोड आलेला असतो. त्यांच्या बाबतीत अंथरूण गरम झाले की पिशवी काढून घ्यावी. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ तर पिशवीही नको आणि विजेचे ब्लँकेटही नको. बाळाच्या तोंडावर जड रजई जाणार नाही याची काळजी घ्यावी. त्याला जाड कपडे घालून सपाट, वेगळ्या जागी पाठीवर झोपवावे. खरे तर कडाक्याच्या थंडीत एवढ्या लहान बाळाला गाडीत झोपवण्यापेक्षा त्या रात्रीपुरती खोली घेणे चांगले.

विजेचा हिशेब कागदावर मांडा

आता दुसरा प्रश्न. आमच्या अब्बांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री सीपॅपचे यंत्र लागते. ते यंत्र चालणार नसेल तर अब्बा मागे घरी राहणार, आणि अब्बा राहिले की अम्मीही राहणार. अशी घरे आज कितीतरी आहेत. म्हणून विजेचा हिशेब ही आम्ही हौसेची बाब मानत नाही. म्हाताऱ्या आईबापांना सोबत नेता येईल की नाही, हे त्या हिशेबावर ठरते.

पहिला नियम असा. ज्या बॅटरीवर गाडी चालू होते तिला रात्री हात लावायचा नाही. लहान गाड्यांची ती बॅटरी साधारण ३५ ते ४५ अँपिअर-अवरची असते आणि ती थोडा वेळ मोठा झटका देण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर हळूहळू रिकामी होण्यासाठी नाही. त्यात थंडीने तिची ताकद आणखी घटते. रात्रभर दिवे आणि चार्जर तिच्यावर चालवले की फजरला गाडी चालू होत नाही. आडरस्त्यावर, धुक्यात, बायकामुलांसह ही वेळ कुणावर येऊ नये. झोपण्याच्या भागासाठी बॅटरी वेगळीच हवी.

हिशेब वॉट-अवरमध्ये मांडावा. यंत्र किती वॉटचे गुणिले किती तास. पाच वॉटचा एलईडी दिवा पाच तास म्हणजे २५. चार मोबाईल प्रत्येकी १५ म्हणजे ६०. सीपॅपचे यंत्र, पाणी गरम करण्याचा भाग बंद ठेवून, सुमारे ३० वॉट. आठ तासांचे २४०. बारा व्होल्टवर चालणारे एक विजेचे ब्लँकेट ५० वॉटचे, ते झोपण्यापूर्वी आणि पहाटे मिळून दोन तास लावले तर १००. एकूण झाले ४२५.

आता बॅटरीकडे पाहू. १०० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची साधी लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १२०० वॉट-अवरची असते. पण ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर लवकर खराब होते, म्हणजे हाताशी ६००. पारा शून्याजवळ गेला की त्यातला पाचवा भाग आणखी कमी धरावा. उरले ४८०. म्हणजे आपले ४२५ जेमतेम बसले. ढगाळ दिवस किंवा एक जुनी प्लेट एवढ्यानेही गणित चुकेल. त्याच आकाराची लिथियम फॉस्फेटची बॅटरी १२८० वॉट-अवरची असते आणि तिच्यातले हजारभर बिनधोक वापरता येतात. किंमत जास्त आहे, पण वजन निम्म्याहून कमी आणि आयुष्य कितीतरी अधिक. तिची एकच अट सांभाळावी. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, आतून कायमची बिघडते. आपल्या मैदानी प्रदेशात ही वेळ क्वचित येईल, पण काश्मीर-हिमाचलकडे जाणाऱ्यांनी बॅटरी गाडीच्या आत, उबदार बाजूला बसवावी.

आता एक खटका लक्षात ठेवा. घरातला साधा रूम हीटर १५०० वॉटचा असतो. तो इन्व्हर्टर लावून गाडीच्या बॅटरीवर चालवायचा म्हटले तर बारा व्होल्टच्या वायरीतून १२५ अँपिअरहून जास्त प्रवाह जाईल. साधी वायर वितळेल, आणि वितळली नाही तरी ती लिथियमची महागडी बॅटरी पाऊण तासात संपेल. विजेची किटली आणि हेअर ड्रायरचेही तेच. हवा गरम करायला वीज फार लागते, अंथरूण गरम करायला थोडी पुरते. म्हणून बॅटरीवर हीटर नाही, ब्लँकेट.

सीपॅप चालवण्यासाठी शक्यतो कंपनीने दिलेला बारा किंवा चोवीस व्होल्टचा गाडीचा अडॅप्टर घ्यावा. इन्व्हर्टरमधून बाराचे २३० करायचे आणि यंत्राच्या चार्जरने पुन्हा ते खाली आणायचे, यात दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते. पाणी गरम करण्याचा भाग बंद ठेवायचा की नाही हे डॉक्टरांना आधी विचारावे. आणि निघण्यापूर्वी घराच्या अंगणात, गाडीतच, एक पूर्ण रात्र हे सगळे चालवून पाहावे. सकाळी बॅटरीत किती उरले ते वहीत लिहावे. घरापासून पाच पावलांवर गणित फसले तर हसून उठता येते.

चार्जिंगच्या तीन वाटा आहेत. गाडी चालत असताना मधल्या चार्जरमधून. २० अँपिअरचा असेल तर तासाला सुमारे २५० वॉट-अवर मिळतात, म्हणजे आपली रात्र दोन तासांच्या प्रवासात भरून निघते. दुसरी वाट सौर पॅनेलची. १०० वॉटचे पॅनेल हिवाळ्यात स्वच्छ उन्हात दिवसाला तीनशे-चारशे देते, पण उत्तरेतल्या धुक्यात फार थोडे. तिसरी वाट म्हणजे मुक्कामाच्या जागी मिळणारा प्लग. ढाब्यावर, पंपावर किंवा मशिदीच्या आवारात प्लग दिसला म्हणून वायर जोडू नये. मालकाला किंवा मुतवल्लींना विचारावे, विजेचे पैसे विचारून द्यावेत. मशिदीची वीज वक्फची असते. तिचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल. वायर तीन पिनांची, अर्थिंग असलेली आणि पावसा-दवात न भिजणारी असावी.

बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. पॉवर बँक उशीखाली चार्जिंगला लावून झोपू नये. वायरिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ध्यानात ठेवावे. परवानगीशिवाय मोठे फेरफार केले तर विमाही अडतो. सहज काढता येणारी फळी आणि गादी यात भागते, तोवर तेवढ्यावरच भागवावे.

डिझेलच्या छोट्या हीटरबद्दल दोन शब्द. त्यात आग बंद पेटीत जळते, जळण्यासाठी हवा बाहेरून घेतली जाते, धूर बाहेर सोडला जातो आणि आत फक्त गरम हवा येते. तासाला पाव लिटरपेक्षा कमी इंधन लागते आणि चालू झाल्यावर वीजही थोडी लागते. नीट बसवला तर चांगला आहे. पण सांध्यात फट राहिली किंवा धुराची नळी दाराखालीच सोडली तर तोच धोका परत आला. हा हीटर असणाऱ्या घरांनीही झोपण्यापूर्वी अर्धा तास आणि उठताना अर्धा तास तो चालवावा, मधली रात्र अंथरुणावर सोपवावी. सुन्नतीच्या जवळचा मार्ग तोच आहे.

कुठली थंडी, किती तयारी

सगळीकडे एकच थंडी नसते. कोकणपट्टीत जानेवारीतही एक रजई पुरते. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्या खाली जातो, तिथे वर सांगितलेली पूर्ण तयारी लागते. अजमेरला जानेवारीत पहाटे सात-आठ अंश नेहमीचे, पण त्याच राजस्थानात चुरू आणि फतेहपूरकडे काही रात्री पारा शून्याखाली उतरतो. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान सुरू होतो. त्या दिवसांत साध्या पत्र्याच्या व्हॅनमध्ये कुटुंबासह झोपण्याचा विचारच करू नये. लडाखमध्ये तर साधे डिझेल थंडीने घट्ट होते, म्हणून २०१९ पासून तिथे उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारे वेगळे डिझेल द्यावे लागते. डिझेलची ही गत, तर मुलांची काय?

मुक्कामाची जागा उजेडाची, माणसांच्या वर्दळीची असावी. खोलगट जागेत गारवा आणि धुके साचते, म्हणून नदीकाठ आणि घळ टाळावी. दाट धुक्यात रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून कधीही झोपू नये, मागून येणाऱ्याला ती दिसत नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते.

फजरचा वुजू

गारठ्यात फजरला उठणे हीच खरी कसोटी. रात्री दोन लिटरचा थर्मास गरम पाण्याने भरून ठेवला तर चार जणांचा वुजू थंड पाणी मिसळून सहज होतो. तोट्याचा लोटा वापरला तर पाणी कमी लागते.

पूर्ण वुजू करून चामडी मोजे घातले असतील तर पुढे वुजू करताना त्यांवर मसह करण्याची सवलत आहे. मुकीमला एक दिवस-रात्र, मुसाफिरला तीन दिवस-रात्र. ज्येष्ठांसाठी ही मोठी रहमत आहे. साध्या सुती मोज्यांवर मात्र ही सवलत लागू होत नाही. जाड मोज्यांच्या अटींबाबत मसलकांत फरक आहे, आपल्या आलिमांना विचारावे. कोकणातली बहुतेक घरे शाफई आणि घाटावरची बहुतेक हनफी. सफरीत दोन नमाजा एकत्र करण्याबाबतही या दोन मसलकांत फरक आहे. एकाच गाडीत दोन्ही मसलकांची माणसे असतील तर वाद न घालता ज्याने त्याने आपले पाळावे.

तयम्मुमबद्दलही अनेकदा विचारणा होते. जातुस्सलासिलच्या मोहिमेत हजरत अम्र बिन आस (रजि.) यांना कडाक्याच्या थंडीच्या रात्री गुस्लची गरज पडली. जिवाच्या भीतीने त्यांनी तयम्मुम करून नमाज पढवली. नंतर प्रेषित (स.) यांनी विचारले तेव्हा त्यांनी कारण सांगितले आणि प्रेषित (स.) हसले, रागावले नाहीत. यातून सवलत कळते आणि तिची अटही कळते. पाण्याने खरोखर अपाय होण्याची भीती हवी आणि पाणी गरम करण्याचा उपाय नसावा. आपल्याकडे थर्मास आहे, तेव्हा नुसता कंटाळा हे कारण होत नाही.

झोपण्यापूर्वीची उजळणी

इशानंतर घरातल्या एकाने, शक्यतो थोरल्या मुलाने किंवा मुलीने, मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी हो म्हणावे.

१. इंजिन बंद, किल्ली ठरलेल्या जागी.
२. आत काहीही जळत नाही. रेग्युलेटर बंद.
३. अलार्म तपासला.
४. दोन काचा बोटभर उघड्या.
५. रात्रीची बॅटरी वेगळी जोडली, किती भरली ते पाहिले.
६. औषधे, टॉर्च आणि पाणी हाताशी.
७. दाराजवळची वाट मोकळी. अंधारातही दार उघडता येते हे मुलांना ठाऊक आहे.

यांतली एकही गोष्ट जमत नसेल, किंवा मुलाचे ओठ निळसर दिसत असतील, म्हातारे माणूस थंडीने बडबडू लागले असेल, तर हट्ट सोडावा. जवळच्या लॉजवर, मुसाफिरखान्यात, नाहीतर ओळखीच्या जमातीच्या घरी जावे. एका रात्रीचे भाडे हा सफरीतला तोटा नाही. उंटाला बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. गाडीतल्या रात्रीचा उंट म्हणजे वरच्या सात ओळी.

पुढच्या महिन्यात सफरीतल्या जेवणाबद्दल बोलू. शिजवलेले मांस किती वेळ टिकते, कशात न्यावे आणि मुलांना रस्त्यावर काय देऊ नये. आपल्या घरची पद्धत जरूर लिहून कळवा.

अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या सफरी सोप्या करो आणि आपल्याला सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.